शेतावरच्या लिलावात चेनच्या दोन लष्करी गाड्या: बोली लावण्याआधी काय बघाल

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातून एका तरुण मराठी मित्राने विचारलंय: "आमच्या गावाजवळच्या एका जुन्या शेताचा लिलाव पुढच्या शनिवारी आहे. शेतकरी आजोबा वारले, मुलं शहरात असतात. यादीत ट्रॅक्टर आहेत, पेरणीची अवजारं आहेत आणि अगदी शेवटी एक ओळ आहे: 'आर्मीच्या जुन्या ट्रॅकवाल्या गाड्या, २ नग, बंद'. मी लांबूनच बघितल्या. एक उघड्या लोखंडी खोक्यासारखी आहे, एकेका बाजूला तीन मोठी चाकं. दुसरी होडीसारखी, रबरी पट्ट्यांवर बसलेली. ह्या खरंच दुर्मिळ आहेत का? घ्याव्यात का? आणि घेतल्या तर पुढे काय?"

नोकरीची सुरुवात मी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये केली. गेली तीस वर्षं मॅनिटोबात अवजड यंत्रांचं काम करतोय आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या लष्करी गाड्या उभ्या करतोय. त्यामुळे जे सांगतो ते हाताने केलेलं आहे.

वर्णनावरून पहिली गाडी युनिव्हर्सल कॅरिअर दिसते. तिला सगळे ब्रेन कॅरिअरच म्हणतात. दुसरी एम २९ वीझल. दोन्ही दुसऱ्या महायुद्धातल्या. तरी फोटोवर विसंबू नका, समोर उभं राहून खात्री करा. सगळ्यात सोपी खूण चालकाच्या जागेवर मिळते. कॅरिअरला साध्या मोटारीसारखं गोल स्टिअरिंग असतं, वीझलला दोन उभ्या दांड्या. बाजूला तीनऐवजी चार चाकं दिसली आणि आत दांड्या असल्या, तर ती अमेरिकेत बनलेली टी १६ असू शकते. दिसायला कॅरिअरचीच बहीण, पण आतून वेगळी, त्यामुळे एकीचे बरेचसे सुटे भाग दुसरीला चालत नाहीत. प्रेअरीत, म्हणजे इथल्या सपाट गवताळ प्रदेशात, चेनवर चालणारं सगळंच लष्करी असतं असंही नाही. पुढे स्की, मागे पट्टे आणि बाजूला गोल खिडक्या असलेली लाकडी बॉडीची गाडी दिसली, तर ती बाँबार्डिए कंपनीची बर्फावरची बस. तीही मोलाची आहे, पण तिचा सगळा हिशोब निराळा.

आता दुर्मिळ म्हणजे काय? कॅरिअर सगळ्या देशांत मिळून लाखाच्या वर बनल्या. चिलखती गाड्यांमध्ये एवढ्या संख्येने दुसरी कुठलीच बनली नाही. त्यांपैकी सुमारे २९,००० कॅनडातच, ऑन्टारियोतल्या विंडसरच्या फोर्ड कारखान्यात तयार झाल्या. तुमच्या शेतावरची बहुधा त्यांतलीच असणार. ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातल्या पायदळ पलटणींकडे कॅरिअरची स्वतंत्र प्लाटून असे, आणि आपले भारतीय जवानही उत्तर आफ्रिका आणि इटलीत ह्याच गाड्यांतून ब्रेनगन (हलकी मशीनगन), दारूगोळा आणि जखमी वाहून न्यायचे. म्हणून मराठी माणसाने ह्या खोक्याकडे परकं म्हणून बघू नये. वीझल अमेरिकेत साउथ बेंडच्या स्टुडबेकर कारखान्यात बनली, साधारण १५,००० नग. नॉर्वेच्या बर्फात गनिमी हल्ले करायच्या योजनेतून ती जन्माला आली. ती योजना बारगळली, पण गाडी चिखलात कामाला आली. १९४४ च्या नोव्हेंबरात हॉलंडच्या वाल्खेरेन बेटावर, बांध फुटून सगळं पाण्याखाली गेलेलं असताना, तिने सैनिकांना पुढे नेलं.

तेव्हा बनल्या खूप. आज दुर्मिळ आहे ती पूर्ण गाडी, म्हणजे चिलखत, ट्रॅक, इंजिन आणि आतल्या बारीकसारीक वस्तू एकाच जागी असलेली. ती का दुर्मिळ झाली, हे शेतावर जाण्याआधी समजून घ्या, कारण बघायचं काय ते त्यावर ठरतं.

युद्ध संपत आलं तेव्हा कॅनडा सरकारने वॉर ॲसेट्स कॉर्पोरेशन नावाचं महामंडळ काढून शिलकी माल विकायला काढला. त्या दिवसांत नवा ट्रॅक्टर मिळणं मुश्कील होतं. शेतकरी वैमानिक प्रशिक्षणाची जुनी विमानंसुद्धा नट-बोल्ट, चाकं आणि टाकीतल्या पेट्रोलसाठी विकत घ्यायचे. कॅरिअर तर त्यांना सोन्यासारखी वाटली असणार. इंजिन फोर्डचं व्ही ८, मागचा ॲक्सल फोर्ड ट्रकच्या घराण्यातला, सुटे भाग गावातल्या दुकानात मिळणार. बर्फ ढकलायला, झुडपं उपटायला, चिखलातून ओढायला उत्तम. पण चिलखताचं वजन शेतीच्या कामाला जड जातं, पेट्रोल खातं. मग शेतकरी पहिलं काम हेच करायचा: वरचं आणि बाजूचं चिलखत काढून टाकायचं. हिवाळ्यात बसायला घरची सीट ठोकायची, पुढे फाळ लावायचा. वीझलचं दुखणं वेगळं. तिचे ट्रॅक म्हणजे रबरी पट्ट्यांवर बसवलेल्या लोखंडी आडव्या पट्ट्या. ते रबर ऊन-थंडीने कुजतं. पट्टा तुटला की गाडी झाडांच्या रांगेत ढकलायची आणि विसरायची. पाण्यात चालणारी वीझल असेल तर पुढेमागे हवाबंद टाक्या आणि मागे दोन सुकाणू असतात. टाक्या जड, शेतावर निरुपयोगी, म्हणून त्याही काढल्या जायच्या.

हे लक्षात घेऊन माझं सांगणं एवढंच: शनिवारच्या आधी, पाहणीच्या दिवशी जा, आणि गाडीपेक्षा गाडीच्या आजूबाजूचं शेत जास्त वेळ बघा.

हे मी पदरमोड करून शिकलोय. वीसेक वर्षांपूर्वी अशाच एका लिलावात मी चिलखत नसलेली कॅरिअर घेतली. इंजिन ठीक, ट्रॅक ठीक, किंमतही बरी. खूश होऊन गाडी ट्रेलरवर चढवली. निघताना घरातली सून म्हणाली, "ह्याचे पत्रे बाबांनी डुकरांच्या गोठ्याला लावले होते." मी धावत गेलो. गोठ्याचा सगळा लोखंडी माल आदल्या तासातच भंगाराच्या लॉटमध्ये विकला गेला होता आणि घेणारा ट्रक भरून निघून गेला होता. ते पत्रे मला पुन्हा कधीच मिळाले नाहीत. नवीन बनवून लावले, गाडी आज छान दिसते, पण अर्धी गाडी माझ्या हातातून निसटून वितळायला गेली, हे मनातून जात नाही.

म्हणून शोधा. नाल्यावर टाकलेली जाड प्लेट बघा. गोठ्याच्या उंबऱ्याखाली, गुरांच्या चाऱ्याच्या गव्हाणीला, वेल्डिंगच्या टेबलाला काय लावलंय ते बघा. सात ते दहा मिलिमीटर जाडीची प्लेट आणि तिच्या कडेने एकसारख्या अंतरावर रिव्हेटची भोकं दिसली, तर थांबा. साध्या शेतावर असा पत्रा कोणी विकत आणत नाही. फाटक आपोआप मिटावं म्हणून साखळीला टांगलेलं वजन बघा. मी तिथे बोगीचं, म्हणजे ट्रॅकच्या आत फिरणाऱ्या चाकांच्या जोडीतलं, चाक लटकलेलं पाहिलंय. ट्रॅकच्या कड्या नांगरावर वजन म्हणून ठेवलेल्या असतात. आणि घरच्यांशी बोला. हे सगळ्यात महत्त्वाचं. लिलाव करणाऱ्याला फक्त यादी माहीत असते, घरच्यांना गोष्ट माहीत असते. आजोबांनी ती गाडी कुठून आणली, त्यावर काय काम केलं, जुना फोटो आहे का, विक्रीची पावती आहे का, हे आदराने विचारा. घर मोडत असतं, माणसं हळवी असतात. तुमच्या प्रश्नाने त्यांना बरंच वाटतं, असा माझा अनुभव आहे. सुटे भाग वेगळ्या लॉटमध्ये गेले असतील, तर ते गाडीबरोबर एकत्र विकायची विनंती लिलाव करणाऱ्याला आधीच करा. पुष्कळदा ऐकतात.

आता गाडी. चिलखत काढलं असेल तर कसं काढलंय ते बघा. रिव्हेट-बोल्ट काढून सोडवलं असेल तर कडा सरळ असतात आणि मूळ पत्रा किंवा नवा पत्रा परत बसतो. गॅसने कापलं असेल तर कड वितळल्यासारखी, दातेरी दिसते. मूळ सांगाड्यालाच कात्री लागली असेल तर काम तिप्पट होतं.

मग ओळख. आतल्या बाजूला, चालकाच्या समोरच्या पत्र्यावर आणि आसपास धातूची छोटी पाटी शोधा. तारेचा ब्रश अजिबात वापरू नका, पाटीवरची अक्षरं जातात. मऊ ब्रश आणि थोडं रॉकेल पुरतं. बाहेर बाजूला रंगाच्या थरांखाली लष्करी नंबर असतो. कॅनडाच्या चेनच्या गाड्यांचा नंबर सीटी ह्या दोन अक्षरांनी सुरू व्हायचा. गेल्या वर्षी एका गाडीवर मी असा नंबर शोधला. सगळ्यात वर लाल रंग होता, शेतकऱ्याने ट्रॅक्टरला मारून उरलेला. खाली करडा, मग ऑलिव्ह, मग तपकिरी. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, बोटाच्या एकाच पेराने, गोल गोल घासत बसलो. पाऊण तासाने ऑलिव्हच्या आत पांढरी वळणदार रेघ दिसली, मग शेजारी दुसरी, मग स्पष्ट सी. त्या क्षणी गाडी नुसती यंत्र राहत नाही, तिला नाव मिळतं. पण ही घासाघीस विकत घेतल्यावर करायची. लिलावाच्या आधी दुसऱ्याच्या मालाला पॉलिश पेपर लावायचा नाही. छोट्या भागांवर सी अक्षराच्या आत बाणाची खूण आहे का बघा. ती कॅनडाच्या सरकारी मालाची. नुसता बाण असेल तर ब्रिटिश.

स्टिअरिंग बघायला विसरू नका, कारण कॅरिअरची खरी करामत तिथेच आहे. बहुतेक चेनच्या गाड्या एका बाजूला ब्रेक लावून वळतात. कॅरिअरमध्ये स्टिअरिंग थोडं फिरवलं की पुढच्या बोग्यांना जोडणारी आडवी नळी आख्खी बाजूला सरकते, त्यामुळे दोन्ही ट्रॅक धनुष्यासारखे किंचित वाकतात आणि गाडी सावकाश वळते. स्टिअरिंग आणखी फिरवलं की मग एका बाजूचा ब्रेक लागतो. म्हणजे रस्त्यावरच्या हलक्या वळणाला ब्रेक झिजतच नाही. खाली वाकून टॉर्च मारा आणि सोबत्याला स्टिअरिंग हळू फिरवायला सांगा. नळी सरकली तर फार मोठं काम वाचलं. अडकली असेल तर ती मोकळी करता येते, पण सगळी बाजू उघडावी लागते. जोर लावून फिरवायचं नाही.

इंजिनाची भीती सगळ्यांना वाटते, पण मला सगळ्यात कमी भीती इंजिनाचीच आहे. फोर्ड व्ही ८ लाखांनी बनली, भाग अजून मिळतात. बघायचं ते ब्लॉकच्या बाजूंना, खालच्या कडेजवळ. ह्या थंडीत पाणी आत राहून गोठलं असेल तर तिथे लांब चीर दिसते, तशी दिसली तर दुसरा ब्लॉक शोधायची तयारी ठेवा. इंजिन जाम आहे एवढ्यावरून घाबरू नका. घरी आणल्यावर स्पार्क प्लग काढून ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये सोडा आणि वाट बघा. आठवडा, दोन आठवडे, कधी महिना. मधूनमधून थोडं मिश्रण वाढवा आणि हाताने, लांब पान्याने, मागेपुढे अगदी हलकासा रेटा द्या. स्टार्टर लावून झटका देणाऱ्यांनी किती इंजिनं मोडलीत, मोजदाद नाही.

ट्रॅक मात्र महाग पडतात. कॅरिअरच्या कड्या आणि पिना गंजून एकजीव होतात. डिझेलमध्ये महिनाभर बुडवून बऱ्याच सुटतात. चाकांवरचं रबर कडक होऊन तुकड्या-तुकड्यांनी पडलेलं असेल, तर ते पुन्हा चढवून घ्यावं लागतं आणि ते स्वस्त नाही. वीझलच्या पट्ट्यांची तीच गत. वीझलची बॉडी सगळी धड असली आणि पट्टे मातीत कुजलेले असले, तर पट्ट्यांचा खर्च धरूनच बोलीची मर्यादा ठरवा.

मर्यादेबद्दल माझी पद्धत: भंगाराचा त्या दिवसाचा भाव विचारून घ्या. तो तुमचा तळ, कारण समोर भंगारवाला उभा असणार आणि त्याला ही गाडी म्हणजे काही टन लोखंड. वरचा आकडा आदल्या रात्री कागदावर लिहा, त्यात खरेदीदाराकडून वेगळं घेतलं जाणारं शुल्क, कर आणि वाहतूक धरा, आणि तो कागद खिशात ठेवा. 'जसं आहे, जिथे आहे' ह्या अटीचा अर्थ हातोडा पडल्यावर तक्रार नाही. माल किती दिवसांत उचलायचा तेही आधी विचारा. दोन्हींपैकी एकच परवडत असेल आणि कॅरिअरचं चिलखत शेतावरच सापडलं असेल, तर मी डोळे झाकून कॅरिअर घेईन.

सुरक्षेचं आता नीट ऐका, इथे घाई जिवावर बेतते. जमिनीच्या पत्र्याखाली, कोपऱ्यातल्या खणांत कधीकधी जुना दारूगोळा निघतो. गोळी असो, मॉर्टरचा बाँब असो, काहीही असो, हात लावायचा नाही, मागे व्हायचं आणि पोलिसांना फोन करायचा. डॅशवरच्या जुन्या घड्याळांचे काटे अंधारात चमकण्यासाठी रेडियमने रंगवलेले असू शकतात. आता चमकत नसले तरी किरणोत्सर्ग संपलेला नसतो, म्हणून काच उघडायची नाही, घासायची नाही. ब्रेकच्या अस्तरात आणि सायलेन्सरच्या वेष्टणात ॲस्बेस्टॉस असतो, जुन्या रंगात शिसं. आणि प्रेअरीतल्या उंदरांना विसरू नका. बंद गाडीत त्यांची घरटी असतातच आणि त्यांच्या लेंड्यांच्या धुळीतून हंटाव्हायरसची लागण होते. कोरडा झाडू मारायचा नाही. चांगला मास्क, हातमोजे, ब्लीचचं पाणी शिंपडून भिजवायचं, मग उचलायचं. पेट्रोलच्या टाकीजवळ, ती कितीही वर्षं रिकामी असली तरी, ग्राइंडर किंवा वेल्डिंग नाही.

उचलून न्यायचं म्हटलं तर पूर्ण कॅरिअर भरली असता पावणेचार टनांच्या घरात जाते, बारा फूट लांब आणि जवळपास सात फूट रुंद. घरच्या पिकअपने ओढायचा विचार सोडा. कलता डेक आणि विंच (केबलने ओढणारं यंत्र) असलेला ट्रक भाड्याने सांगा. जाम झालेले ट्रॅक ओढताना जमीन उकरतात, म्हणून खाली लोखंडी पट्ट्या किंवा ग्रीस लावलेल्या फळ्या सरकवा. हुक गाडीच्या मूळ ओढण्याच्या कड्यांनाच लावा, ॲक्सलला किंवा बोगीला नाही. केबल ताणलेली असताना तिच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. ट्रॅक मातीत गोठलेले असतील तर ओढाओढी करू नका, दुपारच्या उन्हाची वाट बघा. गाडी कधी सीमेपलीकडे अमेरिकेत न्यायचा किंवा विकायचा विचार झालाच, तर ट्रकवर चढवण्याआधी परवान्यांची चौकशी करा. बंदूक नसली तरी ती लष्करी गाडीच धरली जाते.

घरी आल्यावर पहिला महिना काहीही सोलू नका. वाळूचा मारा तर नकोच. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक सुटा भाग पिशवीत घालून चिठ्ठी लावा. आणि शेतकऱ्याने बसवलेला फाळ आणि सीट भंगारात टाकू नका. ह्यावर आमच्यात वाद आहेत. बरेच जण गाडी १९४४ सारखी करायच्या नादात मधली वर्षं पुसून टाकतात. मी तसं करत नाही. ती गाडी लष्करात थोडी वर्षं होती, शेतावर त्याच्या कितीतरी पट. एखाद्या आजोबांनी ट्रॅक्टरच्या सीटखाली लावलेलं लाकूडही मी जपून ठेवतो, गाडीला पुन्हा चिलखत चढवलं तरी शेजारी मांडतो. ओशावाच्या ऑन्टारियो रेजिमेंट म्युझियममध्ये जुन्या गाड्या चालत्या ठेवल्यात, जमेल तेव्हा जाऊन तिथली कामाची पद्धत बघा. भारतात याल तेव्हा अहिल्यानगरचं १९९४ सालचं रणगाडा संग्रहालयही बघा.

पाहणीच्या दिवशी टॉर्च, मऊ ब्रश, गुडघ्याखाली टाकायला गोणपाट, टेप आणि वही एवढं बरोबर ठेवा. आधी नाल्यावरची प्लेट, गोठा आणि फाटक बघा, मग गाडीकडे या. पाटीवरचा नंबर आणि स्टिअरिंग फिरवल्यावर ती आडवी नळी सरकली की नाही, एवढं शुक्रवारी रात्रीपर्यंत मला कळवा. कागदावर आकडा कितीचा लिहायचा ते आपण दोघं मिळून ठरवू.